पोपटाचं पिल्लू : भरवायचं कसं आणि थांबायचं कधी?

दोस्तांनो, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी नौपाड्यातल्या एखाद्या गच्चीवर जाऊन उभे राहा. खाली गोखले रोडवर रिक्षांचे हॉर्न वाजत असतील, राम मारुती रोडवर खरेदीची गर्दी असेल. पण तुम्ही मान वर करा. थोड्याच वेळात 'कीं कीं कीं' असा कर्कश कालवा करत हिरव्या बाणांचा एक थवा डोक्यावरून सुसाट निघून जाईल. हेच आपले पोपट! दिवसभर हिंडून-खाऊन रात्रीच्या मुक्कामाच्या झाडाकडे निघालेले. ज्याच्या गळ्यात काळा-गुलाबी गोफ दिसेल तो नर. हा गोफ काही जन्मापासून मिळत नाही बरं का! दोन-तीन वर्षांचा झाल्यावर तो मिळतो. मादीच्या गळ्यात तो नसतोच.

हे पोपट घरटं बांधत नाहीत. त्यांना लागते तयार ढोली. फांदी मोडून, कुजून पडलेलं एखादं भोक, किंवा तांबट नाहीतर सुतार पक्ष्याने कोरून सोडून दिलेलं बीळ. ते जरा कुरतडून मोठं केलं की झालं घर. म्हणून जिथे जुनी झाडं, तिथे पोपट. नौपाड्यातले बंगले आणि चाळी जाऊन इमारती उभ्या राहिल्या, तरी गल्लीबोळांतून जुनी झाडं अजून टिकून आहेत, म्हणूनच तो थवा अजून दिसतो.

आता खरा प्रश्न. मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याने किंवा छाटणीत एखादी फांदी खाली आली, ढोली फुटली, आणि तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी पोपटाचं पिल्लू पडलेलं दिसलं, तर तुम्ही काय कराल? बहुतेकांच्या मनात पहिलं वाक्य येतं, "आई, आपण पाळूया ना!" मन चांगलंच आहे तुमचं. पण त्या वाक्याचं उत्तर द्यायच्या आधी पिल्लू वाढवणं म्हणजे नेमकं काय काम असतं, ते एकदा नीट पाहूया.

ढोलीतलं बाळंतपण

पोपटाची मादी साधारण जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान अंडी घालते. बहुधा चार ते सहा. पांढरीशुभ्र, एकेक दिवसाच्या अंतराने. सगळी अंडी घालून होण्याची वाट न बघता ती लवकरच उबवायला बसते. त्यामुळे पिल्लंही एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. थोरलं पिल्लू चांगलं गुबगुबीत झालेलं असतं, तेव्हा धाकटं नुकतंच कवच फोडत असतं! अंडी उबवायला २२ ते २४ दिवस लागतात. तेवढे दिवस मादी ढोलीतच बसून असते, आणि नर बाहेरून दाणे-फळं खाऊन येतो आणि तिला चोचीने भरवतो.

कवच फोडायला पिल्लाच्या चोचीवर एक छोटासा टणक टोकदार उंचवटा असतो. त्याने ते आतून टोचत राहतं. बाहेर येतं तेव्हा ते कसं दिसतं? खरं सांगायचं तर मुळीच गोजिरवाणं नसतं! गुलाबी उघडं अंग, मिटलेले फुगीर डोळे, मोठं डोकं, आणि ते डोकं पेलता न येणारी मान. वजन दहा ग्रॅमसुद्धा नसतं. मोठा पोपट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे सहा-सात आठवड्यांत या पिल्लाला आपलं वजन दहापटीहून जास्त वाढवायचं असतं. तुम्ही जन्मल्यापासून दहापट व्हायला किती वर्षं लागली, आईला विचारून पाहा!

पहिला आठवडा : ऊब आधी, अन्न नंतर

जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात किंवा वन्यप्राणी उपचार केंद्रात असं पिल्लू आलं की तिथली माणसं लगेच चमचा घेऊन धावत नाहीत. आधी ते पिल्लू उबेच्या पेटीत जातं. पिसं नसलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. ढोलीत ते काम आईचं पोट करतं. पेटीत पहिले काही दिवस ३५-३६ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि पिसं फुटू लागली की ते हळूहळू उतरवत नेतात. पिल्लू थंड पडलेलं असताना त्याला भरवलं, तर पोटातलं अन्न पचतच नाही, ते तिथेच आंबतं.

भरवण्यासाठी पिल्लांकरता मिळणारी खास पूड पाण्यात कालवून पेज करतात. सुरुवातीला पातळ आणि मग वयाप्रमाणे दाट. ती प्रत्येक वेळी ताजी करायची, आणि तापमापी बुडवून बघायची. साधारण ३९ ते ४१ अंश हवी. दोन-चार अंश जास्त झाली तर गळ्याच्या आतली नाजूक कातडी भाजते. गार झाली तर पिल्लू तोंड फिरवतं, किंवा घेतलं तरी पचत नाही. आपण बाळाच्या दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघतो ना, तो अंदाज इथे चालत नाही.

आणि वेळ? अगदी लहान पिल्लाला दर दोन तासांनी. पहिले काही दिवस रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला दहा-बारा वेळा! शाळा, क्लास, खेळ आणि झोप सांभाळून हे कोण करणार, याचा विचार करून ठेवा.

गळ्याखालची पिशवी

पोपटाच्या गळ्याच्या तळाशी एक पिशवी असते. खाल्लेलं आधी तिथे साठतं आणि मग थोडं थोडं पोटात उतरतं. पिल्लाचं अंग उघडं असतं तेव्हा भरलेली पिशवी बाहेरून फुग्यासारखी दिसते. पिल्लं वाढवणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष या पिशवीकडे असतं. ती भरली की थांबायचं. ती बरीचशी रिकामी झाल्यावरच पुढचं भरवायचं, आणि दिवसातून एकदा तरी ती पूर्ण रिकामी होऊ द्यायची. सकाळी पिशवी तशीच भरलेली दिसली, तर काहीतरी बिघडलं आहे. मग पेज नाही, थेट डॉक्टर.

एका वेळी किती द्यायचं, याचा एक ठोकताळा आहे. पिल्लाच्या वजनाचा साधारण दहावा भाग. पन्नास ग्रॅमच्या पिल्लाला पाच मिलिलिटर, म्हणजे एक छोटा चमचा. त्यासाठी रोज सकाळी पहिल्या भरवण्याआधी छोट्या काट्यावर पिल्लाचं वजन करतात आणि वहीत लिहितात. आकडा रोज वाढला पाहिजे. पिल्लाला बोलता येत नाही, त्याची तब्येत ती वही सांगते.

भरवतात तो चमचा दोन्ही कडांनी वर वाकवून पन्हाळीसारखा केलेला असतो. पिल्लाच्या चोचीच्या डाव्या बाजूने तो लावतात, कारण पोपटाची अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने जाते. चमचा लागला की पिल्लू मान वरखाली झटकत भराभर गिळू लागतं. आईकडून घास घेतानाही ते असंच करतं. त्याचं हे झटकणं चालू असेल तेवढाच वेळ भरवायचं. ते थांबलेलं असताना जबरदस्तीने ओतलं, तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू काही क्षणांत गुदमरू शकतं. प्रेमाने घरी आणलेली कितीतरी पिल्लं अशीच दगावतात. मारायचं कुणाच्याच मनात नसतं, पण घास चुकीच्या नळीत गेलेला असतो.

आणखी एक. आपल्याकडे पाखरू सापडलं की वाटीत दूध आणि दुधात पोळी कुस्करून देण्याची फार जुनी सवय आहे. पण पक्ष्यांना दूध पचत नाही! कुठलीही पक्षीण पिल्लांना गाई-म्हशीसारखं दूध पाजत नाही, मग दुधातली साखर पचवायची सोय त्यांच्या पोटात असेल कशी? मिरचीची गोष्ट मात्र उलटी आहे. आपल्याला जो तिखटपणा झोंबतो, तो पक्ष्यांच्या जिभेला लागतच नाही. म्हणून मोठा पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो!

काटे, पिसं आणि पंख

दहा-बारा दिवसांनी डोळे किलकिले होतात. तिसऱ्या आठवड्यात अंगभर बारीक काटे उगवल्यासारखं दिसतं. ही असतात अजून वेष्टणात गुंडाळलेली पिसं. पिल्लू आता साळिंदराचं बाळ वाटतं! भरवण्याच्या वेळा कमी होत दिवसाला चार-पाचवर येतात. पायाखाली गुळगुळीत कागद किंवा लादी असेल तर पाय फाकतात आणि तसेच वाकडे राहतात. म्हणून खाली खरखरीत कापड लागतं. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. फांदी घट्ट धरायला शिकणं हा त्याच्या अभ्यासक्रमातला महत्त्वाचा धडा आहे.

पाचव्या आठवड्यात अंग हिरवं होतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात पंख फडफडायला लागतात. आणि मग एक गंमत होते. रोज वाढणारं वजन अचानक थोडं घटतं! नवखा माणूस घाबरून जास्त भरवायला लागतो. पण जाणता माणूस वही बघून हसतो. उडायच्या आधी पिल्लू स्वतःच खाणं कमी करून अंग हलकं करत असतं.

सगळ्यात अवघड काम

तुम्हाला वाटेल, रात्री उठून भरवणं हेच सर्वांत कठीण. नाही! सर्वांत कठीण असतं ते भरवणं थांबवणं.

जंगलात पिल्लू ढोलीतून उडालं म्हणजे लगेच मोठं झालं असं नाही. पुढे काही दिवस आई-वडील त्याला झाडावर भरवत राहतात. ते त्यांच्या मागे मागे जातं, ते काय खातात ते बघतं, शेंग फोडायचा प्रयत्न करतं, ती खाली पाडतं, पुन्हा घेतं. केंद्रातही तसंच करावं लागतं. पिल्लासमोर मऊ फळांचे तुकडे, भिजवलेले हरभरे, मक्याचं कणीस आणि पानांसकट फांद्या ठेवतात. पहिले दिवस ते नुसतं खेळतं. खाणं कमी आणि सांडणं जास्त! पण त्यातूनच ते शिकतं.

इथे दोन चुका होऊ शकतात. एक म्हणजे तारीख बघून भरवणं तोडून टाकणं. "झाले आठ आठवडे, आता खा स्वतः!" असं केलं तर पिल्लू उपाशी राहतं, वजन उतरतं, ते घाबरट आणि चिरचिरं होतं. दुसरी चूक उलटी. पिल्लू मागतंय म्हणून लाडाने भरवतच राहणं. मग त्याला शेंग फोडायचं कारणच उरत नाही. खरी रीत म्हणजे आधी दुपारचं भरवणं बंद, मग सकाळचं, आणि झोपायच्या आधीचं सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीला काटा आणि वही. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान एक दिवस असा येतो की चमचा पुढे केला तरी पिल्लू मान वळवतं आणि कणसाकडे जातं.

तो दिवस आनंदाचा. आणि ज्याने दोन महिने झोपमोड केली, त्याला जरासा रडवणाराही.

मॉरिशसची गोष्ट

हे सगळं करून पोपट खरंच जंगलात परत जातात का? यासाठी हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर जाऊया. तिथे मराठी माणसंही आहेत बरं का! एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांत कामाला गेलेल्या लोकांची पुढची पिढी तिथे आजही गणपती बसवते, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

या बेटावर आपल्या पोपटाचा एक सख्खा चुलतभाऊ राहतो. त्याचं नाव एको पोपट. हिरवा, गळ्यात गोफ, थोडा जाडजूड. जंगलं तुटली, ढोलीची झाडं गेली, माणसाबरोबर आलेले उंदीर आणि माकडं अंडी-पिल्लं खाऊ लागली, आणि १९८० च्या दशकात तिथल्या जंगलात हे पोपट जेमतेम दहा-बारा उरले. साऱ्या जगात फक्त तेवढेच!

कार्ल जोन्स हे वेल्समधले पक्षीतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. त्यांनी ढोल्या उंदरांपासून सुरक्षित केल्या, लाकडी घरटी टांगली, जंगलात खाणं ठेवलं. एका ढोलीत दोन-तीन पिल्लं झाली तरी बहुधा एखादंच जगत होतं. म्हणून मागे पडलेली पिल्लं काढून आणून ती हाताने भरवली, नाहीतर ज्या जोडीची अंडी फुकट गेली होती तिच्या ढोलीत ठेवली. केंद्रात काही पिल्लांना दत्तक आई-बाबा कोण मिळाले, माहीत आहे? आपलेच भारतीय पोपट!

१९९७ मध्ये केंद्रात वाढलेले पहिले पोपट ब्लॅक रिव्हरच्या जंगलात सोडले. तेव्हा एक अडचण पुढे आली. हाताने वाढलेले काही पोपट माणसाला इतके सरावले होते की त्यांना कशाची भीतीच वाटत नव्हती. मग पुढे पिल्लं उडायच्या वयातच जंगलात नेऊन, आधीच्या रानटी पोपटांच्या संगतीत सोडायला सुरुवात केली. उरलेलं शिक्षण त्यांना थव्याने दिलं. २०१९ पर्यंत दहा-बारांचे सातशेच्या वर झाले!

म्हणजे हात उपयोगी पडला, पण त्याने वेळेवर बाजूला व्हायला शिकल्यावर.

माणसालाच आपलं समजलेला पक्षी

हात बाजूला झाला नाही तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. न्यूझीलंडमध्ये काकापो नावाचा उडता न येणारा भलामोठा पोपट आहे. १९९७ मध्ये जन्मलेलं सिरोको नावाचं एक पिल्लू आजारी पडलं, म्हणून माणसांनी ते एकटंच वाढवलं. ते जगलं. पण मोठं झाल्यावर त्याला इतर काकापोंमध्ये रसच राहिला नाही. त्याला माणसंच आपली वाटू लागली! पुढे २०१० मध्ये न्यूझीलंड सरकारने त्याला पक्षीसंरक्षणाचा अधिकृत प्रवक्ता नेमलं. गंमत आहे, नाही? पण सिरोको आपल्या जातीत मिसळू शकला नाही, हे विसरू नका. त्यानंतर तिथली माणसं पिल्लांना एकटं न ठेवता एकमेकांच्या सोबतीने वाढवू लागली.

पोपटाला थवा का हवा, याचं आणखी एक कारण. व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांचा अभ्यास कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ढोलीत बसलेल्या प्रत्येक पिल्लासाठी आई-वडील वेगळी हाक वापरतात आणि पिल्लू तीच हाक स्वतःची म्हणून उचलतं, असं त्यांना आढळलं. जणू बारसंच! आपण पिंजऱ्यातल्या पोपटाला "विठू विठू" शिकवतो, आणि तो शिकतोही, कारण बोलायला त्याच्याजवळ दुसरं कोणी नसतं.

नौपाड्यात पिल्लू सापडलं तर...

आता पुन्हा आपल्या सोसायटीच्या फाटकाशी येऊया. पिल्लू पडलेलं आहे. काय कराल?

१. आधी बघा, पिसं आहेत का? अंगभर हिरवी पिसं असतील आणि जखम नसेल, तर ते बहुधा उडायला शिकणारं पिल्लू आहे. मोठ्या माणसाला सांगून ते जवळच्या फांदीवर ठेवा, मांजर-कुत्र्याला लांब ठेवा, आणि दूर उभे राहा. आई-बाप आसपास असतातच. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खोटी आहे.

२. पिसं नसतील, किंवा जखम असेल, तर बुटाच्या खोक्यात मऊ सुती कापड घालून त्यात ठेवा. झाकणाला भोकं पाडा. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. पिल्लाला चिकटून नको.

३. दूध, पाणी, पोळी, भात, काहीही भरवू नका. चोचीत पाण्याचा थेंबही नको.

४. खोकं शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. मित्रांना दाखवायला सारखं उघडू नका!

५. घरातल्या मोठ्यांना वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करायला सांगा. प्राण्यांच्या दवाखान्यातही विचारता येतं. परळचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून हे काम करत आलं आहे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

आपल्याकडचे रानटी पोपट पाळणं, पकडणं किंवा विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पूर्ण बंदी आहे. "पिल्लू आहे, हाताळून माणसाळेल," असं सांगून कोणी विकायला आलं, तर ते पिल्लू कुठल्यातरी ढोलीतून चोरलेलं असतं. तुम्ही दया म्हणून विकत घेतलंत, तरी तो पुढच्या वर्षी दुसरी ढोली फोडणार, कारण गिऱ्हाईक मिळालं! घेऊ नका, कळवा. पक्षी हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. पोपटांकडून माणसाला होणारा एक श्वसनाचा आजारही आहे.

आणि मुलांनो, तुम्ही हिरमुसू नका. तुमच्यासाठीही काम आहेच. आपल्या गल्लीतल्या जुन्या झाडांची एक यादी करा. कुठल्या झाडाला ढोली आहे, तिथे पोपट, साळुंकी, तांबट यांपैकी कोण येतं-जातं, ते महिन्यावार लिहा. पिल्लं असताना त्या झाडाची छाटणी ठरली, तर ही वही घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना भेटा, आणि दोन महिने थांबायची विनंती करा. उबेची पेटी, तापमापी आणि काटा नसला, तरी एक अख्खी ढोली तुम्ही वाचवू शकता, आणि ढोलीतली आई पेज गरम आहे की गार, हे कधीच चुकत नाही!